तिवराच्या मुळांशी

ऐरोलीच्या खाडीकाठी तिवरांच्या सफाईचा दिवस तिथी पाहून ठरतो. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास उधाणाची भरती असते, म्हणजे सकाळी सहाच्या आसपास पाणी पार ओसरलेलं. गाळात उतरायचं ते तेव्हाच, आणि भरती चढायच्या आत बाहेर यायचं.

हे काम उभ्यानं होत नाही. तिवराची श्वसनमुळं गाळातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. खालच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतोच, त्यामुळे झाड हवा घेतं ती या मुळांवाटे. भरतीबरोबर आलेल्या पिशव्या नेमक्या तिथेच अडकतात, वर गाळ साचत जातो आणि शेवटी पिशवीचं टोक तेवढं दिसत राहतं. ते हिसकलं की मूळही मोडतं. म्हणून सफाई करणारा वाकतो, बोटांनी गाळ मोकळा करतो, पिशवी मुळावरून हलकेच वर सरकवतो. फारच गुंतली असेल तर कात्रीनं कापतो. हातभर जागेतून दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोलचे तुकडे, निर्माल्याची अख्खी पिशवी निघते. जागा मोकळी होईपर्यंत कंबर भरून येते, आणि शेजारच्या ओल्या गाळावर निवट्या सरपटत असतात.

ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब. एका काठाला मुंबई, दुसऱ्या काठाला नवी मुंबई, माथ्याशी ठाणे. माथ्याकडे ती अरुंद होते, तिथे पाणी पुरतं बदलत नाही आणि घाण रेंगाळते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, मागोमाग शहरं वाढली. निवट्या, कोळंबी, चिंबोरीवर जगणाऱ्या कोळीवाड्यांनी याची झळ सर्वांत आधी सोसली.

कागदावरचं संरक्षण भक्कम आहे. तिवरं तोडायला उच्च न्यायालयानं २००५ मध्ये मनाई केली. २०१५ मध्ये खाडीचा १,६९० हेक्टर भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला.

तिवराची रोपं लावण्याचं कौतुक मात्र जरा जास्तच होतं. भरतीची वाट मोकळी असेल, गाळ उघडा असेल, तर तिवर आपलं आपण रुजतं. भरावानं पाणी अडलं तर लावलेलं रोपही टिकत नाही.

सफाईत भरलेल्या गोण्या काठावर येतात. गाळानं माखलेलं हे प्लास्टिक भंगारवाल्यांच्या फारसं उपयोगाचं नसतं. खाडीत येणारं मैलापाणी तर गोणीत भरताच येत नाही. ते शुद्ध करूनच खाडीत सोडायला हवं. आणि तिवराच्या बिया पावसाळ्यात गळून भरतीबरोबर जागा शोधत फिरतात. त्याआधी, मे संपायच्या आत, प्लास्टिक अडवायला नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या बसल्या पाहिजेत आणि पाऊसभर त्या रोज उपसल्या गेल्या पाहिजेत.