खुब्याचा अस्थिभंग : शस्त्रक्रियेपूर्वी पायाचे अचलीकरण

मांडीचे हाड (ऊर्वस्थी) वरच्या टोकाशी, म्हणजे खुब्याच्या सांध्यालगत मोडले असता शस्त्रक्रिया होईपर्यंत तो पाय हलू नये म्हणून जी योजना करतात, तिला शस्त्रक्रियापूर्व अचलीकरण म्हणतात. उशी किंवा वाळूच्या पिशव्यांचा आधार देणे, फळी बांधणे आणि वजन लावून पाय ओढून धरणे (कर्षण) हे तिचे प्रमुख प्रकार होत. हा अस्थिभंग मुख्यतः वृद्धांना, त्यांतही वृद्ध स्त्रियांना होतो. रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ व ठिसूळ होत जातात; मग न्हाणीत पाय घसरणे किंवा उंबऱ्याला ठेच लागणे एवढेही कारण पुरते.

ऊर्वस्थीचे चेंडूसारखे शीर्ष कमरेच्या हाडातील उखळासारख्या खळग्यात (उलूखलात) बसते. शीर्षाला हाडाच्या दंडाशी जोडणारा तिरपा भाग म्हणजे ग्रीवा. ग्रीवेचा भंग सांध्याभोवतीच्या तंतुमय संपुटाच्या आत होतो. त्यात शीर्षाकडे जाणाऱ्या रोहिण्या तुटण्याचा धोका असतो आणि रक्त न मिळालेले शीर्ष पुढे मृत होऊ शकते. ग्रीवेखालच्या उंचवट्यांच्या भागातील (शिखरक) भंग संपुटाबाहेर होतो. तेथील रक्तपुरवठा चांगला असल्याने हाड सांधते, पण रक्तस्राव अधिक होतो. दोन्ही प्रकारांत नितंबाचे व मांडीचे बळकट स्नायू खालचा तुकडा वर खेचतात. त्यामुळे पाय आखूड दिसतो व पाऊल बाहेरच्या बाजूस कलते. तुकडे एकमेकांत रुतून बसले असतील, तर मात्र ही खूण आढळत नाही आणि रोगी क्वचित चालतही येतो.

मोडलेले हाड हलू देऊ नये हा विचार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात नडगी व मांडी यांच्या भंगासाठी कपाटशयन सांगितले आहे. त्यात रोग्यास फळीवर निजवून सांध्याच्या दोन्ही बाजूंस दोन दोन व तळपायाशी एक अशा पाच खुंट्यांनी पाय स्थिर करावयाचा असतो. आधुनिक काळात न्यूयॉर्कचे शल्यविशारद गर्डन बक यांनी १८६१ मध्ये चिकटपट्टी, दोरी, कप्पी व वजन यांच्या साहाय्याने पाय ओढून धरण्याची रीत प्रचारात आणली. त्वचेवरील कर्षणाला आजही त्यांचेच नाव आहे. हाडवैद्यांच्या घराण्यातील लिव्हरपूलचे ह्यू ओएन टॉमस यांनी १८७५ मध्ये आपल्या बंधफलकाचे वर्णन प्रसिद्ध केले. पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण त्याने वाचविले. परंतु त्याचे कडे जांघेत टेकते, म्हणून खुब्यालगतच्या भंगाला तो सोयीचा नाही.

त्या काळी कर्षण हाच उपचार होता आणि रोगी आठवडेच्या आठवडे त्यात पडून राहत. बॉस्टनचे स्मिथ-पीटरसन यांनी १९३१ मध्ये ग्रीवेत तीन पाखांचा खिळा बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तेथून शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. पुढे सरकते स्क्रू, हाडाच्या पोकळीतील खिळे व कृत्रिम शीर्ष आले. कर्षण मात्र गेले नाही. उपचार म्हणून आलेली रीत प्रतीक्षाकाळातील शिरस्ता म्हणून टिकून राहिली.

पोटरीला दोन्ही बाजूंनी पट्टी लावून तिला दोरी बांधतात, दोरी कप्पीवरून पलंगाबाहेर सोडतात आणि तिला दोन-तीन किलोग्रॅम वजन टांगतात. आपल्याकडील रुग्णालयांत वजनाच्या ठिकाणी विटाही दिसतात. स्नायूंचा आखड कमी व्हावा, वेदना शमावी आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तुकडे सहज जुळावेत, असे तीन हेतू यामागे सांगितले जातात. हे तीनही तपासून पाहिले गेले आहेत. कॉक्रेन संस्थेच्या २०११ च्या समीक्षेत ११ चाचण्यांतील १,६५४ रुग्णांचा आढावा आहे. नेहमीच्या कर्षणाने वेदना कमी होते किंवा हाड जुळविणे सुलभ होते, असा पुरावा त्यात मिळाला नाही. अमेरिकेच्या अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीनेही २०१४ व २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट कर्षण न लावण्याची शिफारस केली.

याचे एक कारण सांध्याच्या रचनेत शोधता येते. पाय किंचित दुमडलेला व बाहेर वळलेला असताना संपुटात सर्वाधिक जागा असते. पाय सरळ ओढला की ती कमी होते व आत साचलेल्या रक्ताचा दाब वाढतो. गुडघ्याखाली उशी घेऊन पाय अर्धवट वाकवून पडलेला रोगी नकळत स्वतःला सोयीची स्थितीच शोधत असतो. कर्षणाचे तोटे मात्र उघड आहेत. वृद्धांची कातडी पातळ असल्याने पट्टीखाली सोलवटते व टाचेवर शय्याव्रण होतो. गुडघ्याच्या बाहेरील अंगाला तंत्रिका (मज्जा) दाबली जाऊन पाऊल लुळे पडू शकते. मधुमेह्यास तर हे कळतही नाही. शिवाय दोरीने पलंगाला जखडलेल्या रोग्याला कुशीवर वळविणे वा बसविणे अवघड होऊन फुप्फुसशोथाचा (न्यूमोनियाचा) धोका वाढतो. सर्वांत मोठा तोटा समजुतीचा आहे. वजन लावले म्हणजे हाड जुळत आहे असे नातेवाइकांना वाटते आणि दिवस निघून जातात. शक्य तेथे २४ ते ४८ तासांत शस्त्रक्रिया व्हावी, हे आता सर्वमान्य आहे.

जालना जिल्ह्यासारख्या ठिकाणी या कालगणनेला विशेष अर्थ आहे. १ मे १९८१ रोजी निर्माण झालेला हा जिल्हा आठ तालुक्यांचा असून मंठा, घनसावंगी, जाफराबाद येथील खेड्यांतून रोग्याला आधी तालुक्याला व मग जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे लागते. अवघड रुग्ण सुमारे ६० किमी. वरील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील घाटी रुग्णालयात पाठविण्याची वहिवाट जुनी आहे. जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. अचलीकरणाची खरी गरज या प्रवासात असते, कारण गाडीच्या प्रत्येक हिसक्याला मोडलेली टोके एकमेकांवर घासतात.

त्यासाठी उपकरण लागत नाही. धडधाकट पाय हाच बंधफलक होतो. दोन्ही पायांमध्ये घडी घातलेली गोधडी वा उशी ठेवून मांडी, गुडघ्याच्या वर व खाली आणि घोटे येथे रुंद कापडाने पाय एकत्र बांधावेत. भंगाच्या जागेवर पट्टा येऊ देऊ नये व गाठी चांगल्या पायाच्या बाजूस ठेवाव्यात. वळलेला पाय बळाने सरळ करू नये. रोग्यास बसवून किंवा खांद्यावर न घेता बाजेवर वा फळीवर निजवून उचलावे. बोटांचा रंग व ऊब मधूनमधून पाहावी. तेल चोळणे व हाडवैद्याकडून पाय ओढून घेणे कटाक्षाने टाळावे. त्याने रक्तस्राव वाढतो व उरलेल्या रोहिण्यांनाही इजा पोहोचते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे.

रुग्णालयात पोहोचल्यावर वेदनाशमनाचा अधिक चांगला मार्ग म्हणजे जांघेजवळील प्रावरणीखाली बधिरकारी औषध टोचून तंत्रिका बधिर करणे. त्यामुळे गुंगीची औषधे कमी लागतात आणि क्ष-किरण चित्रासाठी रोग्याला हलविणेही सुसह्य होते. पाय उशीवर त्याला सोसेल त्या स्थितीत ठेवणे एवढेच अचलीकरण बहुधा पुरते.

कर्षण अजिबात वर्ज्य आहे असे नव्हे. शिखरकांच्या खाली, दंडात झालेला भंग, उलूखलाचा भंग, किंवा हृदयविकारादी कारणांनी शस्त्रक्रिया लांबणीवर पडणे अशा वेळी शल्यविशारद ते विचारपूर्वक योजतात. ते लावले असल्यास पट्टी रोज सोडून कातडी पाहावी व टाच गादीपासून अधांतरी ठेवावी. पायाचा अंगठा वर उचलता येतो का हे परिचारिकेने प्रत्येक पाळीत पाहावे. तो उचलता न आल्यास पट्टी लगेच सैल करून डॉक्टरांना कळवावे.