बोटीच्या आधी मुंबईत एक दिवस

वऱ्हाडातल्या माणसाचे पाणी म्हणजे पूर्णा, मोर्णा, फार तर वर्धा. समुद्र त्याने पाहिला तो सहा डिसेंबरला, चैत्यभूमीच्या रांगेत उभा असताना, लोकांच्या डोक्यांवरून. त्याच समुद्रावरून जहाजाने सहलीला जायचे, ही गोष्ट कालपरवापर्यंत आपल्या घरात कोणी बोलतही नव्हते. आता बोलली जाते. मुलगा किंवा मुलगी कमावती झाली की निवृत्त आईबापांना मुंबई-गोव्याची दोन-तीन रात्रींची बोटीची सहल घडवावी, असे त्यांच्या मनात येते. हॉटेलचे शिक्षण घेतलेली पोरे परदेशी प्रवासी जहाजांवर नोकरीला जातात, तेव्हा त्यांना निरोप द्यायला घरचे मुंबईपर्यंत येतात. या ना त्या निमित्ताने अमरावती-अकोल्याकडच्या कुटुंबांचा मुंबईत एखादा दिवस, एखादी रात्र मुक्काम पडतो. हा लेख त्या एका दिवसाबद्दल आहे.

आधी एक वाद मिटवून टाकू. "बोटीवर पैसे उधळण्यापेक्षा विहाराला द्या, पोरांच्या शिकवणीला द्या," असे सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. कर्ज काढून, सोसायटीतून उचल घेऊन जहाजावर जाऊ नयेच. पण ज्या माणसाने तीस वर्षे एस.टी.त तिकिटे फाडली किंवा ज्या बाईने दवाखान्यात रात्रपाळ्या काढल्या, तिने तीन दिवस समुद्र पाहिला तर चळवळीचे काय बुडते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. वाईट याचे वाटते की माणसे बोटीसाठी एवढा खर्च करतात आणि मुंबईतला हाताशी आलेला दिवस लॉजच्या खोलीत टी.व्ही. पाहत घालवतात.

गाडीचा हिशेब पहिल्यांदा. अमरावतीहून सुटणारी मुंबई एक्सप्रेस, जिला आपण अंबा एक्सप्रेस म्हणतो, आणि गोंदियाहून येणारी विदर्भ एक्सप्रेस, या दोन्ही संध्याकाळी-रात्री आपल्याकडून निघून सकाळी मुंबईला लागतात. बोट दुपारची, गाडी सकाळची, म्हणजे जमले, असे वाटते. तसे करू नका. इगतपुरी-कसाऱ्याच्या घाटात मालगाडी अडकली की पुढच्या सगळ्या गाड्या तासन् तास खोळंबतात. जहाजावर चढण्याची वेळ जहाज सुटण्याच्या कितीतरी आधी बंद होते. एस.टी.चा कंडक्टर एखाद्या म्हातारीसाठी घंटी वाजवून गाडी थांबवतो, तसे जहाज थांबत नाही. म्हणून आदल्या दिवशी सकाळी मुंबईत पोचावे. एक दिवस जास्त लागतो खरा, पण तोच दिवस आपल्या कामाचा आहे.

प्रवासी जहाजे सुटतात ती बॅलार्ड पिअरहून. सीएसएमटीहून टॅक्सीने पाच-दहा मिनिटांचे अंतर. नाव इंग्रजी वाटले तरी ही जागा आपल्याला परकी नाही. १५ ऑगस्ट १९३१ रोजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब 'मुलतान' या बोटीने मुंबईहून निघाले, तेव्हा त्यांना निरोप द्यायला इथे गिरणगावातल्या आपल्या माणसांची गर्दी लोटली होती. त्याच्या आदल्या वर्षी, ४ ऑक्टोबर १९३० ला, पहिल्या परिषदेसाठी ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने गेले होते. हातात पगाराचा डबा, अंगावर गिरणीचे कपडे, अशी माणसे आपल्या पुढाऱ्याला विलायतेला पाठवायला धक्क्यावर उभी होती. त्यांतल्या किती जणांनी उभ्या जन्मात बोटीत पाऊल ठेवले असेल?

आणि बोटीच्या आदल्या दिवशी बाबासाहेब काय करत होते? १४ ऑगस्ट १९३१ ला ते गावदेवीच्या मणिभवनात गांधीजींना भेटले. दोघांची ही पहिलीच भेट आणि ती कडू झाली. अस्पृश्यांना या देशात माणूस म्हणून जागा नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितले आणि दुसऱ्या दिवशी बोटीत बसले. मणिभवन आज संग्रहालय आहे. ज्यांच्याजवळ वेळ आहे त्यांनी ते पाहावे. मात्र मुलांना भेटीची ही बाजू आपण सांगावी लागते.

बोटीच्या प्रवासाचा अनुभव बाबासाहेबांना सुखाचाच आला असे नाही. १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून ते लंडनहून परतले. पहिले महायुद्ध चालू होते. ते एका बोटीत आणि त्यांच्या पुस्तकांचे सामान दुसऱ्या बोटीत. सामानाची बोट पाणतीराने बुडाली. बोट बुडाल्याची बातमी घरी आली तेव्हा रमाईंवर आणि घरच्यांवर काय प्रसंग गुदरला असेल, ते ज्या घरातले माणूस आज जहाजावर नोकरीला आहे त्या घराला सांगावे लागत नाही. २१ ऑगस्ट १९१७ ला बाबासाहेब सुखरूप मुंबईला पोचले. सामानाच्या भरपाईपोटी ६०० रुपये मिळाले आणि त्याच पैशांवर ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले.

बडोद्याला काय झाले, ते आपल्याला पाठ आहे. राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया भाड्याने ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी खोलीपुढे येऊन त्यांना बाहेर काढले. परदेशातून शिकून आलेला हा विद्वान संध्याकाळी कामाठीबागेत झाडाखाली बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत आला.

हे लिहिण्याचे कारण असे, की मुक्कामाची खोली हा आपल्यासाठी नुसता भाड्याचा प्रश्न कधीच नव्हता. आज लॉजवाला ओळखपत्र मागतो, ते द्यावेच लागते. पण आडनाव वाचून "म्हणजे तुम्ही कोण लोक?" असा पुढचा प्रश्न आला तर त्याचे उत्तर द्यायला आपण बांधील नाही. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात हॉटेलांचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे: जातीच्या कारणावरून तिथे कोणालाही मज्जाव करता येत नाही. हे मुलांनाही माहीत असू द्या. आणि खोली आधीच ठरवून निघा. रात्री दहा वाजता मुलाबाळांसह दादरच्या फुटपाथवर उभा असलेला माणूस जे मिळेल ते, मागतील त्या भावाने घेतो. रेल्वेचे पक्के तिकीट असेल तर सीएसएमटीच्या विश्रांतीगृहात पीएनआर क्रमांकावर खोली किंवा खाट आधी राखून ठेवता येते. लवकर भरतात, म्हणून तिकिटाबरोबरच पाहावे. एकच दिवस काढायचा असेल तर सामान क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप नसेल तर तिथे घेत नाहीत. आपल्याकडची चेन तुटलेली, सुतळीने बांधलेली पिशवी परत मिळते! बोट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली असेल तर दादरला खोलीची आशाच सोडा, गाडीत पाय ठेवायलाही जागा नसते.

आता दिवस कसा घालवायचा. सगळे पाहायचा हट्ट धरू नये, म्हातारी माणसे बरोबर असतील तर तीन ठिकाणे पुरे.

गाडी दादरला थांबत असेल तर तिथेच उतरावे आणि उन्हाच्या आधी चैत्यभूमीवर जावे. ७ डिसेंबर १९५६ ला जिथे बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, तिथे हा स्तूप आहे. सहा डिसेंबरला क्षणभर दर्शन घेऊन पुढे सरकावे लागते. इतर दिवशी मात्र सकाळी तिथे शांत बसता येते, त्रिशरण-पंचशील म्हणता येते. ज्यांनी वीस वेळा चैत्यभूमी पाहिली पण कधी गर्दीशिवाय पाहिली नाही, त्यांनी हे एकदा करावे. आमच्याकडच्या बायका म्हणतात तसे, "बाबांजवळ बसून आलो" असे वाटते.

तिथून दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह. बाबासाहेबांनी हे घर माणसांइतकेच पुस्तकांसाठी बांधले. तळमजल्यावरची त्यांच्या वापरातल्या वस्तूंची दालने पाहता येतात. हे कुटुंबाचे घर आहे, आवाज चढवू नये, फोटोसाठी दारात अडून बसू नये.

पण मला विचाराल तर तिसरी जागा सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिथे आपली माणसे सगळ्यांत कमी जातात. परळची बी.आय.टी. चाळ. चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोल्या ५० आणि ५१. १९१२ पासून १९३४ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, बाबासाहेबांचे बिऱ्हाड इथे होते. अमेरिकेला गेले ते इथून, 'मूकनायक' निघाले तेव्हा राहत होते ते इथे, महाडला गेले तेही इथून. ज्या पोराला घरात अभ्यासाला जागा नाही म्हणून रडू येते, त्याला ती खोली बाहेरून तरी दाखवा. बाबासाहेब रात्री किती वाजता उठून अभ्यास करत, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या अरुंद गॅलरीत उभे राहून पाहणे वेगळे. चाळीत आजही बिऱ्हाडे आहेत. विचारून, चार-पाच जणांनीच वर जावे.

बोटीच्या दिवशी सकाळी वेळ उरला तर सीएसएमटीसमोरच्या दादाभाई नौरोजी रस्त्याने चालत बुद्ध भवन गाठावे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सुरू केलेले सिद्धार्थ कॉलेज ते हेच. तिथून बॅलार्ड पिअर जवळ आहे. मूळ ओळखपत्रे वरच्या कप्प्यात ठेवा, झेरॉक्सवर भागत नाही. घरची शिदोरी, ठेचा-भाकर धक्क्यावरच संपवा. आत जेवण तिकिटात असते आणि बाहेरचे खाणे सहसा नेऊ देत नाहीत.

नोकरीवर निघालेल्या पोरांसाठी दोन शब्द, कारण इथे पैसा खरोखर बुडतो. ती बहुतेक वेळा विमानाने दुसऱ्या देशात जाऊन जहाज गाठतात, पण मुलाखत, वैद्यकीय तपासणी, व्हिसा ही कामे मुंबईत होतात. त्यासाठी दोन-तीन फेऱ्या पडतात. जहाजावर माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे डी.जी. शिपिंगचा आरपीएसएल परवाना असावाच लागतो आणि नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्यास नियमाने बंदी आहे. म्हणजे जो दोन लाख मागतो, तो तिथेच खोटा ठरतो. परवाना क्रमांक डी.जी. शिपिंगच्या यादीत ताडून पाहता येतो. वावर विकण्याआधी, बायकोचे डोरले मोडण्याआधी तेवढे एक काम करा.

बोटीवरून परतल्यावर गाडी रात्रीची असेल तर अर्धा दिवस हाती असतो. अंगात त्राण असेल तर बोरिवलीच्या कान्हेरी लेण्या पाहा. शंभरावर लेण्यांचा हा भिक्खूसंघाचा विहार आहे. सोपारा, कल्याण या बंदरांतल्या व्यापाऱ्यांच्या दानाने तो उभा राहिला, असे तिथले शिलालेख सांगतात. समुद्रावर पैसा मिळवणाऱ्यांनी डोंगरात भिक्खूंसाठी निवारा आणि पाण्याची टाकी कोरून घेतली. एका लेण्यात अवलोकितेश्वराभोवती संकटातली माणसे कोरली आहेत, त्यांत बुडत्या जहाजातलीही आहेत. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, नवस बोलायचा प्रश्न नाही. पण दीड हजार वर्षांपूर्वी समुद्रावर जाणाऱ्या माणसाची भीती काय होती, ते तिथे डोळ्यांनी दिसते. सोमवारी लेण्या बंद असतात.

जहाजाचे तिकीट परवडत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. गेटवेहून घारापुरीची लाँच तासाभरात पोचवते. हेही सोमवारी बंद. बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. सगळे लोक त्रिमूर्ती पाहून परततात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, तिच्या डेकवर उभे राहिले की मुंबई मागे सरकताना दिसते.

त्या पाण्यावरून जाताना मुलांना 'पद्मावती'ची गोष्ट सांगा. नोव्हेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आपल्या अमरावतीला होते. अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावरची परिषद इंद्रभुवन थिएटरात १३ तारखेला त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. तिथेच थोरले बंधू बाळाराम गेल्याची बातमी त्यांना मिळाली. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २४ डिसेंबरला, दोनशेच्या आसपास प्रतिनिधींना घेऊन ते मुंबईहून 'पद्मावती' बोटीत बसले. जमिनीच्या वाटेवर मोटारवाल्यांचा भरवसा नव्हता, म्हणून समुद्रमार्ग धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट दासगावला लागली, तिथून सगळे चालत महाडला गेले आणि त्या रात्री मनुस्मृती जळाली.

परतीची गाडी बहुधा रात्रीचीच असते, आणि ती सीएसएमटीहूनच पकडावी. दादरला ती दोनच मिनिटे थांबते, सामान, मुले आणि म्हातारी माणसे तेवढ्यात चढत नाहीत. चैत्यभूमीजवळ पुस्तके घेतली असतील तर ती हातातल्या पिशवीत ठेवा. अकोला येईपर्यंत एखादे वाचून होते.