जॅकवर विसंबू नका!

बजाज टेम्पो कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले; पण तिची जुनी मॅटॅडोर पिकअप आमच्या अंगणात अजून उभी आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही बापलेक तिची डागडुजी करतो. प्रथम आरसी बुकातील चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. मग बॅटरीची तार सोडली, गंज खरवडून रेड ऑक्साइड मारले. रंगाची घाई केली नाही; आधी ब्रेक सिलिंडरचे रबर बदलले.

एकदा जॅक घसरला. मुलगा नुकताच गाडीखालून बाहेर आला होता! तेव्हापासून चाकांना दगड आणि चेसिसखाली लोखंडी घोडी लावल्याशिवाय आम्ही कुणालाही खाली जाऊ देत नाही.

बंधू-भगिनींनो, छंद जरूर जोपासा. पण जॅक गाडी उचलतो, जीव सांभाळत नाही.