ज्येष्ठांची शुश्रूषा आणि नोकरदार कुटुंबाची ओढाताण

मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जेथे एकत्र येतात, त्या द्वारका परिसरात आमचे रुग्णालय आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या, शाळा-कार्यालयांत नोकरी करणाऱ्या कुटुंबांतील वृद्ध आई-वडील येथे उपचारांसाठी येतात. खुब्याचे हाड मोडून किंवा पक्षाघाताने दाखल झालेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत एक गोष्ट आम्हांस वारंवार जाणवते. "उद्या घरी नेता येईल" ही वार्ता खरे तर आनंदाची. परंतु ती ऐकताच नातेवाइकांच्या चेहऱ्यावर चिंता उमटते. रुग्णालयात परिचारिका, आया व वॉर्डबॉय तीन पाळ्यांत जे काम वाटून घेतात, ते उद्यापासून एका घराने करावयाचे असते.

या कामाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते. अन्यथा पाठीस व कमरेस शय्याव्रण होतात. गिळण्यास त्रास असल्यास रुग्णास बसते करून सावकाश भरवावे लागते, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. यातच मुलांचा डबा, त्यांच्या परीक्षा आणि सकाळची पाळी सांभाळावयाची असते. रात्री झोपमोड झालेली व्यक्ती दिवसा कामावर उभी राहते. काही महिन्यांत तिची पाठ दुखू लागते, चिडचिड वाढते, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या चुकू लागतात. एका रुग्णाच्या घरी दुसरा रुग्ण तयार होतो तो असा.

हा भार बहुधा एकाच व्यक्तीवर, आणि तीही स्त्रीवर, पडतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ यात 'अपत्ये' या संज्ञेत मुलगा, मुलगी, नातू व नात यांचा समावेश आहे. सुनेचा उल्लेख नाही. घरात मात्र रात्री उठणारी बहुतेक वेळा सूनच असते. जबाबदारी ज्यांची आहे त्या सर्वांनी ती वेळ, पैसा अथवा प्रत्यक्ष कष्ट या रूपाने वाटून घेणे, हाच या ताणावरील पहिला उपाय होय.

दुसरा उपाय नियोजनाचा. तो घरी जाण्याच्या दिवशी नव्हे, तर दाखल होण्याच्या दिवशीच सुरू व्हावा. रात्री कोण उठणार, मदतनीस बारा तासांचा हवा की चोवीस तासांचा, खर्चात कोणाचा किती वाटा, हे प्रश्न भावंडांनी एकत्र बसून सोडवावेत. शक्य तेथे रुग्णाची इच्छाही विचारावी. कूस बदलणे, भरवणे, पलंगावरून खुर्चीत बसवणे या क्रिया परिचारिकेकडून घरातील किमान दोघांनी शिकून घ्याव्यात.

खर्चाबाबत एक खुलासा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. मात्र ही योजना प्रामुख्याने रुग्णालयीन उपचारांसाठी आहे. घरी ठेवलेल्या मदतनिसाचे वेतन त्यातून मिळत नाही. हा खर्च कुटुंबासच करावा लागतो, याची कल्पना आधीच असावी. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर मार्गदर्शन विनामूल्य मिळते.

मदतनीस ठेवणे किंवा काही काळ शुश्रूषागृहाचा आधार घेणे म्हणजे कर्तव्यात कसूर, असे अनेकांस वाटते. आमचे मत वेगळे आहे. थकलेल्या हातांनी, त्रासलेल्या मनाने केलेल्या सेवेपेक्षा वाटून घेतलेली सेवा रुग्णासही अधिक सुखावह असते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिक १० कोटींहून अधिक होते. ही संख्या वाढतच आहे. म्हणूनच दात्यांना आमची विनंती आहे, की खाटा व यंत्रे यांबरोबरच घरच्या शुश्रूषेचाही विचार व्हावा. वापरून झालेली चाकाची खुर्ची, वॉकर, हवेची गादी माळ्यावर धूळ खात पडण्यापेक्षा दुसऱ्या घरी गेल्यास तेथील एखाद्या सुनेची, एखाद्या मुलाची रात्र थोडी सुखाची जाईल. रुग्ण घरी गेला म्हणजे उपचार संपले, असे आम्ही मानत नाही.