भूत न दाखवता भीती कशी वाटते? 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'मागचं तंत्र

इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर आम्ही पाच जणांनी 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' पाहिला होता. भरदुपारी, लॅपटॉपच्याच स्पीकरवर. अर्ध्या तासात दोघं झोपले, बाकीचे कॉमेंट्री करत बसले. "यात होतंय काय? नुसतं दार हलतंय!" पुढे नोकरी लागल्यावर एका रात्री फ्लॅटवर एकटाच होतो. तोच चित्रपट हेडफोन लावून पाहिला. तेच दार हललं, मी पॉज केलं आणि आधी पॅसेजमधला लाइट लावून आलो.

चित्रपट तोच, प्रेक्षक तोच. मग फरक कशाने पडला? थोडक्यात सांगायचं तर, झपाटलेल्या घराच्या चांगल्या चित्रपटात भीतीचं निम्मं काम आपला मेंदू करतो. चित्रपट त्याला फक्त अर्धवट माहिती पुरवतो. ती माहितीच आपल्यापर्यंत पोचली नाही, तर भीतीही वाटत नाही. हे कसं होतं, ते आज पाहूया.

एका प्रोग्रॅमरचा चित्रपट

या चित्रपटाचा दिग्दर्शक ओरेन पेली हा मूळचा सॉफ्टवेअर प्रोग्रॅमर. अमेरिकेत सॅन डिएगोमधल्या स्वतःच्या घरात रात्री येणाऱ्या आवाजांवरून त्याला ही कल्पना सुचली. 2006 मध्ये त्याच घरात, साधारण एका आठवड्यात त्याने शूटिंग उरकलं. मूळ खर्च सुमारे 15,000 डॉलर. 2009 मध्ये चित्रपट अमेरिकेतल्या थिएटरमध्ये सर्वत्र लागला आणि जगभरात त्याने 19 कोटी डॉलरच्या वर कमाई केली. महागडे इफेक्ट परवडणारच नव्हते, त्यामुळे भीती दुसऱ्याच गोष्टींतून उभी करावी लागली.

कॅमेरा थांबतो, डोळे शोधायला लागतात

एरवी कुठे बघायचं ते कॅमेराच सांगतो. क्लोजअप आला की चेहऱ्याकडे बघायचं, कॅमेरा वळला की आपणही वळायचं. इथे रात्रीच्या दृश्यांत कॅमेरा बेडरूममध्ये ट्रायपॉडवर ठेवलेला आहे. उजवीकडे पलंग, डावीकडे उघडं दार आणि त्यापलीकडे अंधारा पॅसेज. हीच फ्रेम पुन्हा पुन्हा येते. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत आपल्याला ती खोली पाठ झालेली असते. मग दार जरासं सरकलं तरी ते लगेच जाणवतं, कारण आपण मनातल्या मनात आधीच्या फ्रेमशी तुलना करत असतो. आणि काहीच घडत नसतं, तेव्हाही आपण त्या पॅसेजवर नजर ठेवून असतो.

कोपऱ्यातलं घड्याळ

फ्रेमच्या कोपऱ्यात वेळ दिसते. रात्र फास्ट फॉरवर्ड होत जाते आणि अचानक घड्याळ नेहमीच्या वेगाने चालायला लागतं. दोन-तीनदा असं झालं की आपण नियम शिकतो: घड्याळ मंदावलं म्हणजे आता काहीतरी घडणार. काय आणि कधी, ते मात्र कळत नाही. एका रात्री नायिका उठते आणि झोपलेल्या जोडीदाराकडे बघत पलंगाशेजारी नुसती उभी राहते, तासन्‌तास. घड्याळ पळत राहतं, ती हलत नाही. या दृश्यात ना रक्त आहे ना किंचाळी, तरी अंगावर काटा येतो.

दचकणं वेगळं, घाबरणं वेगळं

शांततेत अचानक मोठा आवाज झाला की कोणीही दचकतं. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पापणी मिटायला सुरुवात व्हायला सेकंदाचा विसावा भागही लागत नाही. विचार करायला वेळच नसतो. म्हणून कुठलाही सुमार चित्रपट आपल्याला दचकवू शकतो. पण तो परिणाम क्षणात ओसरतो. घाबरायला वाट बघावी लागते. वाट बघताना मेंदू पुढचे अंदाज बांधतो आणि ते अंदाज बहुतेक वेळा पडद्यावर दिसणाऱ्या कुठल्याही भुतापेक्षा भयंकर असतात.

ही युक्ती जुनीच आहे. रॉबर्ट वाइज यांच्या 1963 च्या 'द हॉन्टिंग'मध्ये भूत एकदाही दिसत नाही. भिंतीपलीकडून धडधड आवाज येतात आणि एक लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं, एवढंच. त्याच कादंबरीवरच्या 1999 च्या चित्रपटात कंप्युटर ग्राफिक्सने सगळं दाखवलं. तरीही समीक्षकांना जुनाच जास्त भीतिदायक वाटला.

मोबाइलवर भीती कुठे हरवते?

आता हॉस्टेलच्या प्रश्नाकडे येऊ. या चित्रपटात काही घडण्याआधी एक खोल, घुमणारा आवाज हळूहळू वाढतो. आपलं त्याकडे लक्षही जात नाही, पण अस्वस्थता वाढते. इतका खालच्या पट्टीतला आवाज काढायला स्पीकरला बरीच हवा हलवावी लागते. मोबाइल किंवा लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून साधारण दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही निघत नाही. म्हणजे तो घुमणारा आवाज त्या दुपारी आमच्या खोलीत जवळपास आलाच नव्हता!

दुसरी गोष्ट अंधाराची. व्हिडिओ कॉम्प्रेस करताना डेटा वाचवण्यासाठी गडद भागातले बारीक फरक बऱ्याचदा उडवले जातात. डेटा सेव्हर चालू असला की अंधाऱ्या पॅसेजऐवजी करड्या रंगाचे चौकोन दिसतात. तिथे कोणी उभं असेल का, ही शंकाच मग येत नाही. आणि टीव्हीवर आवाज आपोआप समान ठेवणारं सेटिंग असेल, तर शांतता आणि धमाका यांतलं अंतरच पुसलं जातं.

त्यामुळे पुढच्या वेळी असा चित्रपट लावाल तेव्हा खोलीतला लाइट बंद करा, चांगले हेडफोन घ्या, व्हिडिओ क्वालिटी वाढवा आणि टीव्हीवर असाल तर ते आवाजाचं सेटिंग बंद ठेवा. मोबाइलवर शॉर्टफिल्म करणाऱ्यांनी तर ट्रायपॉडवर एकच फ्रेम लावून, दार उघडं ठेवून दोन मिनिटं शूट करून बघावं. नंतर मित्राला ती क्लिप दाखवा, पण पडद्याकडे बघू नका, त्याच्या डोळ्यांकडे बघा. ते सारखे दाराकडे जात असतील, तर तुमचं जमलं.