मोटारीचे प्लग घरीं बदलणें : हत्यारें, मापें व कृति

शेतीच्या मासिकांत मोटारीच्या प्लगवर लेख कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु ज्या अंगणांत पूर्वीं बैलगाडी सुटत असे, त्याच अंगणांत आज अनेक बागायतदारांची मोटार उभी असते. आणि मुरबाड-शहापुराकडील भेंडी व काकडी कल्याणच्या बाजारांत पहांटे पोंचवावयाची ती यंत्रवाहनानेंच. बैलाचा पाय दुखला तर तें धन्यास त्याच्या चालीवरून समजे. मोटारीच्या बाबतींत मात्र आम्ही सर्वस्वीं मिस्त्रीवर विसंबून राहतों. प्लग बदलणें हें काम असें आहे कीं, योग्य हत्यारें असल्यास तें घरीं तासाभरांत होतें. आणि हत्यार चुकीचें असल्यास त्याच तासाभरांत इंजिनाचें मोठें नुकसान होतें. म्हणून आमचें सांगणें एकच आहे : ह्या कामास बळ लागत नाहीं, नेमका पाना व नेमकें माप लागतें.

प्लगचें काम

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, डिझेलवर चालणाऱ्या ट्रॅक्टरास ठिणगीचा प्लग नसतो. त्यांत हवा इतकी दाबली जाते कीं ती तापून तेल आपोआप पेट घेतें. पेट्रोलच्या व सीएनजीच्या इंजिनांत मात्र ठिणगी पाडावी लागते. प्लगचें बाहेरील कवच लोखंडाचें, त्याच्या आंत पांढऱ्या चिनी मातीसारखी नळी व नळीच्या मधोमध धातूचा गाभा असतो. गाभ्याचें टोंक व कवचापासून वळलेली कांडी यांमध्यें सुमारें एक मिलिमीटरची फट असते; हजारों व्होल्टांचा दाब आला म्हणजे त्या फटींतून ठिणगी उडते. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असतां प्रत्येक प्लगास मिनिटास १५०० वेळां ठिणगी द्यावी लागते. एवढी चाकरी करणारी वस्तु झिजली तर नवल नाहीं.

विजेच्या ठिणगीनें वायु पेटविण्याचा उपयोग फ्रान्समध्यें लेन्वार यानें आपल्या गॅस-इंजिनांत १८६० सालीं केला. १९०२ सालीं जर्मनींत बॉश यांच्या कारखान्यांतील होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास जोडलेला प्लग तयार केला, आणि मोटारीचा प्लग आजच्या वळणावर आला. आपल्या देशांत बंगळुरास १९५१ सालीं स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे, म्हणजे ‘मायको’चे प्लग जुन्या मिस्त्रींच्या तोंडीं बसलेले होते; त्या कंपनीचें नांव २००८ सालीं बॉश लिमिटेड असें झालें.

आम्ही कळव्यास राहतों. येथून लोहमार्गानें एका बाजूस कुर्लें व दुसऱ्या बाजूस कल्याण. कुर्ल्यास शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें १९४७ पासून गाड्या बांधल्या. पुढें तेथेंच फियाट व १९७४ नंतर पद्मिनी या नांवाची गाडी होऊं लागली. ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. २०२३ च्या ऑक्टोबरांत ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची गेली. कल्याणच्या कारखान्यांत १९९० नंतरच्या दशकांत प्यूजो गाडी कांहीं काळ निघाली. पद्मिनीस चार प्लग. १९८३ च्या डिसेंबरांत आलेल्या मारुति ८०० चें इंजिन तीन नळकांड्यांचें, म्हणून तिला तीनच. हें सांगण्याचें कारण असें कीं, अनेक घरांत जुन्या गाडीबरोबर आलेला प्लगचा पाना अद्याप जपून ठेवलेला असतो, आणि तोच नव्या गाडीस लावण्याचा मोह होतो. जुन्या गाड्यांच्या प्लगचा षट्कोन बहुधा २१ मिलिमीटरच्या जवळपास असे. हल्लींच्या अनेक प्लगांचा १६, व कांहींचा १४ मिलिमीटर असतो. सैल बसणारा पाना षट्कोन सोलतो व पांढरी नळी फोडतो.

दुर्लक्षाचा खर्च

साधे निकेलचे प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर चालतात. इरिडियमचे कांहीं प्लग एक लाखापर्यंतही जातात. गाडीच्या पुस्तिकेंतील आंकडा हाच प्रमाण मानावा. सीएनजीच्या इंजिनांत ठिणगीस अधिक दाब लागतो, म्हणून तेथें प्लग लवकर झिजतात. सकाळीं गाडी चालू होण्यास वेळ लागणें, उभी असतां थरथरणें, चढावर दम न धरणें व पेट्रोल अधिक खाणें हीं झिजलेल्या प्लगचीं लक्षणें होत. अशी गाडी तशीच हांकली तर न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील शुद्धियंत्रांत, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत जाऊन पेटतें. चार महानगरांत १९९५ च्या एप्रिलपासून नव्या पेट्रोल मोटारींस हें यंत्र सक्तीचें झालें. तें तापून बिघडल्यास त्याच्या किंमतींत प्लगचे कित्येक संच येतील.

उलट बाजूचें नुकसानही पाहावें. इंजिनाचें हेड बहुतेक अॅल्युमिनियमचें, आणि प्लग लोखंडाचा. दोहोंच्या झगड्यांत हार हेडाचीच होते. आमच्या परिचयाच्या एका बागायतदाराच्या गाडीचे प्लग कोणी पान्यास लांब नळी लावून आवळले होते. पुढील वेळीं प्लगबरोबर हेडांतील आटेही निघून आले. भेंडीची तोडणी ऐन भरांत असतां गाडी चार दिवस उभी राहिली, आणि माल दुसऱ्याच्या टेंपोनें भाडें भरून पाठवावा लागला.

हत्यारें

१. प्लगचा नळीसारखा पाना. आंत रबर किंवा चुंबक असावें, म्हणजे प्लग खोल विहिरींतून वर घेतांना निसटत नाहीं. २. रॅचेटचा दांडा व लांबी वाढविणारी कांडी. ३. पीळ मोजणारा पाना, ज्यास बाजारांत टॉर्क रेंच म्हणतात. ४. फट मोजण्याचें पात्यांचें माप, म्हणजे फीलर गेज. ५. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा. ६. हवा मारण्यास सायकलचा पंप. साधी पकड व सरकत्या जबड्याचा पाना ह्या कामापासून दूर ठेवावे.

प्लग विकत घेतांना पुस्तिकेंतील क्रमांकच मागावा. प्लगचें टोंक सुमारें ५०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिलें तर काजळी जळून जाते व अवेळीं पेटही होत नाहीं. त्यासाठीं प्रत्येक इंजिनास उष्ण किंवा थंड जातीचा प्लग ठरलेला असतो. येथें एक फसगत होते : एनजीके कंपनीच्या क्रमांकांत आंकडा जितका मोठा तितका प्लग थंड, बॉशच्या क्रमांकांत आंकडा जितका मोठा तितका तो उष्ण. सबब नुसता आंकडा जुळवून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेऊं नये.

कृति

इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें; गरम अॅल्युमिनियमांतून प्लग काढतांना आटे सोलण्याचें भय असतें. किल्ली काढून घ्यावी. जुन्या गाडींत प्रत्येक प्लगास तार असते. ती तारेस धरून न ओढतां टोपीस धरून काढावी, आणि एका वेळीं एकच काढावी, म्हणजे तारांची अदलाबदल होत नाहीं. नव्या गाड्यांत बहुधा प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असतें. त्याचा विजेचा जोड सोडवून, बोल्ट काढून तें सरळ वर उचलावें.

आतां प्लगच्या विहिरींत पंपानें हवा मारावी. आमच्याकडे खाडीची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस. विहिरींत गंजाची भुकटी व चिखल सांचलेला असतो. प्लग निघतांच तो नळकांड्यांत पडला तर आंतील भिंतीस ओरखडे पडतात. नंतर पाना सरळ बसवून हळूहळू सोडवावें. प्लग अडल्यास जोर करूं नये. गंज सोडविणारें तेल घालून वेळ द्यावा, आणि थोडें उलट, थोडें सुलट असें फिरवावें. तरीही न हलल्यास तेथेंच थांबून जाणत्या मिस्त्रीकडे जावें.

नव्या प्लगची फट पात्यानें तपासावी. जुन्या गाड्यांत ती बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर, नव्यांत १ ते १.१ मिलिमीटरपर्यंत असते. फट बदलणें झाल्यास फक्त बाहेरील कांडी अलगद वळवावी. इरिडियमच्या नाजूक टोंकास हात लावूं नये. हातांतून जमिनीवर पडलेला प्लग वापरूं नये. नळीस पडलेली चीर डोळ्यांस दिसत नाहीं.

प्लग बसवितांना त्याच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून बोटांनींच फिरवावा. आटे तिरपे लागूं लागले तर नळी घसरते व हेड वांचतें. पाना मात्र घसरत नाहीं, तो आटे कापीत जातो. प्लग बोटांनीं तळास टेकल्यावरच पीळ मोजणारा पाना घ्यावा. अॅल्युमिनियमच्या हेडांत १४ मिलिमीटर आट्याच्या वायसरवाल्या प्लगास २५ ते ३० न्यूटन-मीटर, व १२ मिलिमीटरच्या प्लगास १५ ते २० इतका पीळ पुरे. पंचवीस म्हणजे किती? पाव मीटर लांबीच्या दांड्याच्या टोंकावर सुमारें दहा किलोंचा भार. त्याहून अधिक नाहीं.

तसा पाना नसल्यास घड्याळाच्या तबकडीचें माप धरावें. १४ मिलिमीटरचा नवा वायसरवाला प्लग बोटांनीं टेकल्यानंतर सहा ते आठ तासांइतका, म्हणजे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. तोच जुना प्लग पुन्हां बसवीत असल्यास फक्त एका तासाइतका, कारण त्याचा वायसर आधींच दबलेला असतो. निमुळत्या बैठकीच्या बिनवायसरी प्लगास त्याहूनही कमी, एक सोळांश फेरा. आट्यांस ग्रीस किंवा तेल लावूं नये. तें लावलें म्हणजे त्याच पिळांत प्लग अधिक आवळला जातो.

प्लगची साक्ष

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली. सातबारा वाचतां आला म्हणजे जमिनीची हकीकत कळते. त्याचप्रमाणें काढलेला प्लग इंजिनाची हकीकत सांगतो. म्हणून काढलेले प्लग नळकांड्यांच्या क्रमानें मांडून ठेवावे. टोंक फिक्या तपकिरी किंवा राखी रंगाचें असल्यास इंजिन निरोगी. कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. हवेची गाळणी पाहावी. तेलकट ओलें टोंक असल्यास इंजिनाचें तेल आंत झिरपतें. तेथें नवा प्लग घालून रोग जात नाहीं. टोंक पांढरें, फोड आलेलें असल्यास इंजिन फाजील तापतें अथवा प्लगची जात चुकली आहे. सर्व प्लग सारखे व एकच निराळा असेल, तर दोष त्याच नळकांड्यांत शोधावा.

हीच विद्या पेट्रोलच्या पाठीवरील फवारणी यंत्रास व गवत कापण्याच्या यंत्रास लागू आहे. त्यांपैकीं दोन-ठोक्यांच्या इंजिनांत तेल पेट्रोलांतच मिसळावें लागतें. मिश्रणांत तेल अधिक झालें कीं प्लग काजळतो, आणि ऐन फवारणीच्या दिवशीं यंत्र चालू होत नाहीं. अशा यंत्राबरोबर एक नवा प्लग व त्याचा पाना नेहमीं शेतावर असावा.

गाडी हमीच्या मुदतींत असल्यास, अथवा प्लगपर्यंत पोंचण्यास इंजिनावरील मोठा भाग उतरवावा लागत असल्यास काम घरीं करूं नये. इतरांस पीळ मोजणारा पाना वर्षादोनवर्षांतून एकदां लागतो. प्रत्येकानें तो विकत घेण्याचें कारण नाहीं. संस्थेनें एक पेटी करून ती सभासदांस नांव लिहून द्यावी, आणि पेटींत एक वही ठेवावी. तींत तारीख, गाडीचे किलोमीटर, घातलेल्या प्लगचा क्रमांक व काढलेल्या प्लगचा रंग एवढ्या चार रकान्यांची नोंद व्हावी. पुढच्या वेळीं त्या नोंदी पाहून सभासदास आपल्या गाडीचें पान उघडतां येईल, व गरज पडल्यास तेंच पान मिस्त्रीपुढें ठेवतां येईल.