चंपाषष्ठीचा रोडगा

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला मल्हारीचे घट बसतात आणि षष्ठीला उठतात. या सहा दिवसांच्या उत्सवाला षड्रात्र म्हणतात. त्याच्या समाप्तीचा दिवस तो चंपाषष्ठी. मणी आणि मल्ल या दैत्यांचा संहार करून मार्तंडभैरवाने ऋषींचे संकट निवारले, ही कथा संस्कृत ‘मल्हारी माहात्म्या’त आली आहे आणि बहुतेक वाचकांनी ती जागरणात ऐकलेली आहे. तिचा विस्तार येथे करीत नाही. या दिवशी देवापुढे जे ताट वाढले जाते, त्याविषयी थोडे लिहावयाचे आहे; कारण कथा सर्वांना पाठ असते, ताटाचा अर्थ मात्र दरवर्षी थोडा थोडा पुसट होत चालला आहे.

या ताटात ठोंबरा असतो, म्हणजे शिजविलेले जोंधळे व दही. कणकेचा रोडगा असतो, वांग्याचे भरीत असते, पातीचा कांदा आणि लसूण असतो. आषाढापासून वर्ज्य केलेले वांगे अनेक कुळांत याच दिवशी पुन्हा तोंडी लागते. कांदा-लसणाला एरवी देवघराच्या उंबऱ्याबाहेर थांबावे लागते. खंडोबाच्या नैवेद्यात मात्र त्यांना मानाची जागा आहे. धनगरांचा, शेतकऱ्यांचा, ब्राह्मणांचा, अठरापगड लोकांचा हा कुलस्वामी. त्याने ज्याच्या त्याच्या घरचे चालवून घेतले, असे मला वाटते.

पश्चिमेकडे रोडगा पुष्कळदा बाजरीचा करतात आणि तो जाड भाकरीच्या जवळचा असतो. आमच्या हिंगोली-परभणीकडे आणि पलीकडे वऱ्हाडात रोडगा म्हणजे गव्हाचा, गोळ्याचा आणि निखाऱ्यावरचा. गहू थोडा रवाळ दळावयाचा. त्यात मीठ, ओवा व तेलाचे मोहन घालून कणीक घट्ट भिजवावयाची आणि चांगली तिंबावयाची. हे काम बहुधा पुरुषांकडे असते, कारण पायलीभर पिठाला मनगट लागते. मग लहान लहान पाऱ्या लाटून, प्रत्येकीला तेलाचा हात लावून, त्या एकीवर एक ठेवतात. या चळतीवर मोठ्या पारीचे वेष्टण घालून गोळा बंद करतात. तिकडे गोवऱ्या रचून पेटविलेल्या असतात. ज्वाळा असताना रोडगा घालावयाचा नाही, धूर असतानाही नाही. गोवरी आतून लाल व्हावी आणि वरून पांढरी राख धरावी, तेव्हा निखारा पसरून त्यावर रोडगे मांडावयाचे, अधूनमधून फिरवावयाचे आणि शेवटी फुफाट्यात झाकून ठेवावयाचे. निखारा पडावयास तास, भाजावयास तास-दीड तास. त्याच निखाऱ्याच्या कडेला भरताची वांगी भाजतात. काढलेला रोडगा फडक्याने पुसून, दोन हातांनी फोडून, त्यात तूप सोडतात. आतल्या पाऱ्या पदर सुटल्यासारख्या वेगळ्या होतात. त्या तशा झाल्या नाहीत तर कोणाची तरी घाई झाली, हे पंगतीला न सांगता कळते.

हा पदार्थ किती जुना आहे याचा एक पुरावा संस्कृतात आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात सिद्ध अन्नांचे वर्णन करताना ‘अंगारकर्कटी’ नावाचे एक पक्वान्न सांगितले आहे. गव्हाचे पीठ मळावे, त्याचे गोळे करावेत आणि ते निर्धूम अग्नीवर शिजवावेत, अशी त्याची कृती आहे. राजस्थानची बाटी, बिहारची लिट्टी आणि आमचा रोडगा ही या अंगारकर्कटीचीच भावंडे. भावमिश्राने तिला पुष्टिकारक व बलदायक म्हटले आहे. परंतु त्या वर्णनात माझे लक्ष वेधले ते ‘शनैः’ या एका शब्दाने. हळूहळू शिजवावे. वैद्याला वेळेचे माप सांगता आले असते. त्याने अग्नीची चाल सांगितली.

आच आणि पक्वता यांचा असाच संबंध आमच्या परिसरातील एका प्रसिद्ध संतकथेत आहे. कयाधूच्या काठची नर्सी हे परंपरेने नामदेवरायांचे जन्मस्थान. संतमेळ्यात गोरोबाकाका कुंभारांनी थापटणे घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले. विठ्ठलाशी बोलणारा भक्त कच्चा कसा? भट्टीत ज्वाळेजवळचे मडके वरून लाल दिसते, पण टिचकी मारली की बद्द वाजते. पुढे नामदेव औंढ्याला, नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले होते. ‘देव जेथे नाही तेथे माझे पाय ठेव,’ असे ते म्हणाले आणि तशी जागा नामदेवांना कोठे सापडेना. कीर्तनात हे आख्यान लावतो तेव्हा रोडग्याचा दृष्टान्त देतो. आमच्याकडच्या श्रोत्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. रोडगा हा एकट्याने खाण्याचा पदार्थ नाही. दोन माणसांसाठी एवढा निखारा कोणी करीत नाही. रोडग्याचा नवस बोलतात तो देवाला खाऊ घालण्यासाठी म्हणून. फेडतात तो माणसांना जेवू घालून. एकनाथ महाराजांच्या एका भारुडात सासरच्या माणसांना कंटाळलेली सून भवानीला रोडग्याचा नवस बोलते आणि घरातील एकेकाला दूर करण्याची मागणी करते. श्रोते हसतात, पण नाथांनी त्या विनोदातून देहाच्या नात्यांत अडकलेल्या जिवाची सुटका सुचविली आहे. लोकांच्या तोंडी रोडग्याचा नवस इतका रुळलेला होता म्हणूनच नाथांना ते रूपक घ्यावेसे वाटले असेल.

जो केवळ स्वतःसाठी शिजवितो तो पाप खातो, असे भगवंतांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. त्याहूनही प्राचीन अशा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील दानसूक्तात हाच निर्वाळा आहे. म्हणजे नैवेद्य दाखविणे हा विधीचा अर्धा भाग झाला; उरलेला अर्धा पंगतीत पूर्ण होतो.

कीर्तन आटोपल्यावर गृहस्थ मंडळी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. आम्ही शहरात राहतो, वर गच्ची नाही, खाली अंगण नाही; गोवरी कोठून आणावी? गॅसच्या तंदुरात भाजलेला रोडगा देवाला चालतो काय? खेड्यातही हा प्रश्न येऊ लागला आहे. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, गोठे रिकामे झाले, तेव्हा शेण तरी कोठून यावयाचे? माझे उत्तर असे की, चालतो. आच मंद ठेवावी, रोडगा वरचेवर फिरवावा, घाई करू नये. कोणी आधी वाफवून मग भाजतात, त्यालाही माझी हरकत नाही. गोवरीच्या धगीचा वास येणार नाही, ही उणीव खरी. परंतु दोनच रोडगे भाजून, नैवेद्य दाखवून, दार लावून ते घरातल्या घरात संपविले आणि कुलाचार झाला असे म्हटले, तर ते मात्र मला मान्य होत नाही. भट्टी बदलली तर बदलू द्या. ताटावरचा पाहुणा वगळू नका. सोसायटीतील पहारेकरी असेल, घरकामाला येणाऱ्या बाई असतील, शेजारचा शिकावयास राहिलेला विद्यार्थी असेल. जेवण त्यांना वाढावे, डब्यात घालून दाराबाहेर देऊ नये.

‘वाढावे’ हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरतो. पंगतीचा गौरव करताना आपण पुष्कळदा तिचे दुसरे अंग झाकून ठेवतो. नवसाच्या जेवणाला सारे गाव बोलावले असे म्हणावयाचे, आणि काही माणसांना मात्र मांडवाच्या कडेला, आपापली भांडी आणून बसावयास लावावयाचे, असे माझ्या बालपणी मी पाहिले आहे. रोडगा तोच, तूप तेच, परंतु ते वरून सोडले जाई. पैठणला नाथांनी श्राद्धासाठी केलेले अन्न, त्याचा सुवास येऊन भूक लागलेल्या अस्पृश्य मानलेल्या कुटुंबाला आधी जेवू घातले आणि त्यापायी ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला, ही कथा आपण नाथषष्ठीला डोळे पुसत ऐकतो. ऐकून घरी आल्यावर पंगत कशी मांडतो, हे ज्याने त्याने पाहावे. आणखी एक गोष्ट घरातलीच आहे. सकाळपासून धगीपुढे बसलेल्या, वांगी सोलून हात पोळलेल्या बायका शेवटच्या पंगतीला बसतात, तेव्हा भरीत खरवडून काढावे लागते. भरीत आधी त्यांच्यापुरते झाकून ठेवण्यास कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही. पुरुषांनी कणीक तिंबली, आता शेवटची पंगतही त्यांनीच वाढावी.

ज्यांना एका पंगतीचा नमुना पाहावयाचा असेल त्यांनी नांदेडला जावे. हिंगोलीहून ते दूर नाही. हुजूर साहिबच्या लंगरात कोण कोठला हे न विचारता सर्वांना एका रांगेत बसवून वाढतात, आणि त्या रांगेला शीख बांधवही पंगतच म्हणतात. त्यांच्या गुरू ग्रंथसाहिबात आमच्या नर्सीच्या नामदेवांची ६१ पदे आहेत. १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध झाला तेव्हापासून ती वाणी तेथे आदराने गाइली जाते. नामदेव पंजाबात गेले आणि त्यांचा शब्द तेथे रुजला. लंगरच्या पंगतीतून आपल्याला काही परत आणता आले तर ती उसनवारी ठरणार नाही.

१९७२ च्या दुष्काळात गहू दिसेनासा झाला होता. परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी रेशनवर मिळे. त्या वर्षी नवस पुढे ढकलावा काय, असे आमच्याकडील एका वृद्ध पुराणिकांना लोकांनी विचारले. ते म्हणाले, आहे त्या पिठाचा करा, लहान करा, पण पानावर चार परकी माणसे बसवा. त्या पिठाला चिकटपणा नसल्याने गोळे फुटत. लोकांनी ते फुटलेलेच वाटून घेतले.

नैवेद्यातील एक भाग कुत्र्याचा असतो, तो विसरू नये. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, म्हणून चंपाषष्ठीला त्यालाही भरीत-रोडगा घालतात. घरची मुले हे काम आनंदाने करतात. नामदेवांच्या पानावरची कोरडी पोळी कुत्र्याने पळविली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा त्या वेळी मुलांना सांगावी. कुत्र्याचा रोडगा पूर्ण निवू द्यावा. निखाऱ्यातून काढलेल्या गोळ्याचा गाभा बराच वेळ चटका देतो. त्याच्या वाट्याच्या भरतात कांदा-लसूण घालू नये, ते त्याला बाधते. तूप मात्र घालावे.